जाऊबाईंचा कप वेगळा ठेवला, आता झोप लागत नाही

पत्र

ताई, मला पाचवा महिना लागला आहे. पहिलंच बाळंतपण. आम्ही मोठ्या दिरांसोबत एकाच घरात राहतो. महिन्यापूर्वी कपाट आवरताना जाऊबाईंची फाइल हाती लागली आणि त्यांना एचआयव्ही असल्याचं कळलं. बरीच वर्षं औषधं चालू आहेत, असं त्या कागदांवरून दिसतं. मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्याच्या आदल्याच आठवड्यात सुरीने माझं बोट कापलं होतं. तेव्हा जाऊबाईंनीच धावत येऊन ते धुतलं आणि पट्टी बांधली. त्यांच्या हाताला भेगा असतात. आमचा कंगवा एक, संडास-बाथरूम एक, एकमेकींच्या कपातलं तर किती वेळा प्यालो असू. तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात झालेली तपासणी निगेटिव्ह होती. फाइल बघितल्यावर मी गुपचूप बाहेर दोनदा तपासणी केली, दोन्ही निगेटिव्ह. तरी वाटतं, अजून दिसत नसेल. घसा दुखतो, थकवा असतो, रात्री घाम येतो. दिवसभर हात धुते, बोटांची सालं निघाली आहेत. त्यांचा कप मी वेगळा ठेवायला लागले आणि ते त्यांच्या लक्षात आलंय असं वाटतं. मला न होता थेट बाळाला होऊ शकतं का? बाळ झाल्यावर त्यांच्या हातात द्यायचं की नाही? अजून एकदा टेस्ट करू का?

— झोप उडालेली

उत्तर

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते, कारण लांबलचक स्पष्टीकरण वाचण्याची तुमची आत्ताची मनःस्थिती नसेल. तुम्ही लिहिलेल्या एकाही गोष्टीतून एचआयव्ही होत नाही. कपातून नाही, कंगव्यातून नाही, संडासाच्या भांड्यावरून नाही आणि त्या पट्टीतूनही नाही. तुम्हाला न होता बाळाला होईल असा मार्गच नाही. बाळ जाऊबाईंच्या हातात खुशाल द्या. आणि या भीतीपोटी आणखी टेस्ट करू नका.

आता ‘असं कसं’ ते सांगते. नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून तुमची भीती जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही स्वतःला ते महिनाभर म्हणतच आहात.

एचआयव्ही हा विषाणू माणसाच्या शरीरात जितका चिवट, तितकाच शरीराबाहेर लेचापेचा. त्याच्याभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. साबणाने ते फुटतं. उघड्यावर सुकलं की काही तासांत बहुतेक विषाणू निकामी होतात. तो संसर्ग करतो तो रक्त, वीर्य, योनीतला आणि गुदमार्गातला स्राव, आणि आईचं दूध, एवढ्यांतूनच. तेही पुरेशा प्रमाणात आणि थेट आत गेले तर: संभोगात आतल्या नाजूक त्वचेतून, सुईने, रक्त चढवताना, किंवा गर्भारपणात, प्रसूतीत आणि अंगावर पाजताना आईकडून बाळाला. थुंकी, घाम, अश्रू, लघवी यांतून तो पसरत नाही. लाळेत तर विषाणूला अडवणारी प्रथिनं असतात, आणि विषाणू वाहून नेणाऱ्या पेशीही लाळेत टिकाव धरत नाहीत. म्हणजे एकमेकींच्या कपातलं तुम्ही दोघी दहा वर्षं प्यायला असता, तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं.

हे नुसतं प्रयोगशाळेतलं ज्ञान नाही. या आजाराची पहिली नोंद 1981 साली झाली, विषाणू सापडला 1983 मध्ये, आणि मधल्या काळात डॉक्टरांनाही तुमच्यासारखाच प्रश्न पडला होता: एका घरात राहणाऱ्यांचं काय? न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी एड्सच्या रुग्णांसोबत राहणाऱ्या 101 नातेवाइकांची तपासणी केली आणि 1986 साली निष्कर्ष छापले. ही माणसं रुग्णांची भांडी वापरत होती, त्यांच्या बरोबर संडास-बाथरूम, टॉवेल, अंथरूण वाटून घेत होती, त्यांना जवळ घेत होती, त्यांचे पापे घेत होती. रुग्णांचे लैंगिक जोडीदार या पाहणीतून वगळले होते. 101 जणांत फक्त एका लहान मुलाला संसर्ग सापडला, आणि तो जन्माच्या वेळी आईकडूनच आला असावा असा अंदाज निघाला. बाकीचे शंभर कोरे. यातली महत्त्वाची बाब अशी की तेव्हा या आजारावर एकही औषध नव्हतं. पहिलं औषध मंजूर झालं ते पुढच्या वर्षी, 1987 मध्ये. म्हणजे त्या रुग्णांच्या रक्तात विषाणू बेसुमार होता, आणि तरीही घरातल्या वावरातून तो कुणाला झाला नाही.

तुमच्या जाऊबाई तर बरीच वर्षं औषधं घेत आहेत. आजची औषधं नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की मोजणीत सापडत नाही. अशा माणसाकडून लैंगिक संबंधातूनही संसर्ग होत नाही, हे एक जण बाधित आणि एक जण निरोगी अशा शेकडो जोडप्यांना वर्षानुवर्षं तपासून सिद्ध झालेलं आहे. 2016 आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात या जोडप्यांनी निरोधाशिवाय हजारो वेळा संबंध ठेवले, आणि औषध घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. शून्य. जाऊबाईंचा विषाणू सध्या किती आहे ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि कपाच्या प्रश्नासाठी ते माहीत असायची गरजही नाही. पण ज्या माणसाला तुम्ही मनातल्या मनात धोक्याची खूण लावून ठेवली आहे, ती बाई रोज न चुकता गोळी घेऊन स्वतःबरोबर इतरांनाही सांभाळते आहे, एवढं ध्यानात असू द्या.

आता ती पट्टी. तुमचं सगळं पत्र त्या पट्टीभोवती फिरतंय, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

तुमचं बोट कापलं, त्यातून तुमचं रक्त बाहेर येत होतं. जाऊबाईंनी ते पाण्याने धुतलं आणि बांधलं. त्यांच्या हाताला भेगा होत्या, पण भेगा म्हणजे वाहतं रक्त नाही. कोरड्या, जुन्या भेगांतून काही बाहेर पडत नाही. संसर्ग व्हायचा तर त्यांच्या हातातून ताजं रक्त भळभळून तुमच्या उघड्या जखमेत उतरायला हवं होतं, आणि तसं झालं असतं तर ते तुम्हाला त्याच क्षणी दिसलं असतं, महिन्याने आठवावं लागलं नसतं. तुलनेसाठी एक आकडा देते. औषधं न घेणाऱ्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई दवाखान्यातल्या नर्सला खोल टोचली, तर संसर्गाची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. रक्ताची सुई, थेट मांसात, आणि तरीही हजारातल्या 997 वेळा काही होत नाही. तुमची पट्टी त्या रांगेत उभीसुद्धा राहत नाही.

उद्या कुणालाही, कुठेही, खरोखरचा प्रसंग आला, म्हणजे वापरलेली सुई टोचली किंवा दुसऱ्याचं ताजं रक्त उघड्या जखमेत वा डोळ्यात उडालं, तर जागा पाण्याने धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधं असतात, आणि ती गरोदरपणातही देता येतात. जितकं लवकर तितकं चांगलं. हे सांगते आहे ते माहिती असावी म्हणून. तुमच्या बाबतीत ती वेळ आलेलीच नव्हती.

तुमची दुसरी शंका, ‘मला न होता थेट बाळाला’. पत्रातलं हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण आई होऊ घातलेल्या बायकांची सगळ्यांत जास्त झोप हाच विचार उडवतो. पोटातल्या बाळाला बाहेरच्या जगातला एचआयव्ही परस्पर गाठू शकत नाही. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी आईच्या रक्तात शिरावं लागतं आणि तिथे वाढावं लागतं. जाऊबाईंनी तुमच्या पोटावरून हात फिरवला, तुमच्या शेजारी झोपल्या, तुमची साडी नेसल्या, तरी तो हात आईला ओलांडून आत जात नाही. तुम्हाला नाही, म्हणजे बाळाला नाही. इतकं ते सरळ आहे.

एखाद्या आईलाच एचआयव्ही असेल तेव्हाचं चित्रही तुमच्या मनातल्यासारखं नसतं. उपचार घेतलेच नाहीत तर बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के असतं. म्हणजे तेव्हाही निम्म्याहून जास्त बाळं सुटतात. 1994 साली एकाच औषधाच्या चाचणीत हे प्रमाण साधारण 25 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आलं. आता दिवस जाण्याआधीपासून किंवा अगदी सुरुवातीपासून नीट औषधं चालू असतील, आणि रक्तातला विषाणू दबलेला असेल, तर ते एक टक्क्याच्याही खाली जातं. एचआयव्ही असलेल्या बायका निरोगी मुलांना जन्म देतात, ही आता बातमी राहिलेली नाही.

टेस्टचं बोलू. तुम्ही म्हणता, ‘अजून दिसत नसेल’. विंडो पीरियडबद्दल तुम्ही कुठेतरी वाचलेलं दिसतंय. तो असतो, हे खरं. संसर्ग झाल्यावर तपासणीत दिसायला वेळ लागतो. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी आजची अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी (विषाणूचा अंश म्हणजे अँटिजेन, आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं म्हणजे अँटिबॉडी, दोन्ही शोधणारी) साधारण 18 ते 45 दिवसांत संसर्ग पकडते, आणि नुसत्या अँटिबॉडी बघणाऱ्या झटपट टेस्टला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात. पण हा काळ मोजायचा तो धोक्याच्या प्रसंगापासून. तुमच्याकडे प्रसंगच नाही. एकत्र जेवणं, एका कंगव्याने केस विंचरणं हा प्रसंग नव्हे, मग घड्याळ सुरू कशापासून करायचं? तुम्ही मात्र ते रोज सकाळी नव्याने सुरू करता, कारण रोज सकाळी जाऊबाई समोर येतात. असं मोजलं तर तुमचा विंडो पीरियड त्या घरात आहेत तोवर संपणारच नाही, आणि कुठलाही निगेटिव्ह रिपोर्ट तुम्हाला दोन दिवसांहून जास्त पुरणार नाही.

शिवाय जास्त टेस्ट म्हणजे जास्त खात्री, असंही नाही. पहिल्या पायरीची कुठलीही तपासणी कधीतरी निरोगी माणसालाही पॉझिटिव्ह दाखवते. म्हणून पॉझिटिव्ह आलं की ते वेगळ्या तपासण्यांनी पक्कं केल्याशिवाय निदान करत नाहीत. हजार निरोगी बायकांपैकी दोन-तीन जणींना जरी असा खोटा पॉझिटिव्ह आला, आणि त्या दोन-तिघींत तुम्ही असलात, तर पक्का रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस तुम्ही कसे काढाल? गुपचूप, एकटीने, सहाव्या महिन्यात? नको ते. शेवटच्या तीन महिन्यांत तुमच्या डॉक्टरांनी नेहमीच्या तपासण्यांबरोबर ही तपासणी पुन्हा लिहून दिली, तर ती जरूर करा. बऱ्याच ठिकाणी तशी पद्धत असते. ती डॉक्टरांनी सांगितलेली असेल, मनातल्या भीतीने नाही.

घसा, थकवा, घाम यांचं काय? पाचव्या महिन्यात थकवा यावा यात नवल काही नाही. गरोदरपणात अंगातली उष्णता आणि घाम दोन्ही वाढतात. घसा दुखायला साधी सर्दी पुरते, छातीत जळजळून वर येणारं आम्ल पुरतं, आणि रात्र रात्र जागरण केलं तर घशाचंच काय, कशाचंच खरं राहत नाही. डॉक्टरांना तो दाखवा, पण घसा म्हणूनच दाखवा.

संसर्गाची काळजी करायचीच असेल तर ती मी वेगळ्या दिशेला वळवीन. गरोदर बाईने खरोखर जपायला हवं असे साध्या संपर्कातून येणारे आजार आहेत, आणि तुमच्या पत्रात त्यांतल्या एकाचंही नाव नाही. कांजिण्या. रुबेला. फ्लू. आणि सायटोमेगॅलोव्हायरस म्हणून एक आहे, सीएमव्ही म्हणतात त्याला. तो लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो, मोठ्यांना बहुधा कळतही नाही, पण गर्भाला झाला तर ऐकू येण्यावर परिणाम करू शकतो. म्हणजे गंमत बघा, गरोदरपणात कुणाचा कप वेगळा ठेवायचाच असेल तर तो घरातल्या दोन-तीन वर्षांच्या पोराचा. त्याचं उष्टं खायचं नाही, त्याचा चमचा आपल्या तोंडात घालायचा नाही, लंगोट बदलल्यावर हात धुवायचे. जाऊबाईंच्या कपाला यात कुठेच जागा नाही. कांजिण्या तुम्हाला पूर्वी होऊन गेल्यात का, रुबेलाची लस झाली होती का, हे डॉक्टरांना विचारा. या दोन लशी गरोदरपणात देत नाहीत, फ्लूची मात्र देतात. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, तेही बघा. तो विषाणू सुकलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो, म्हणून ब्लेड, वस्तरा आणि दात घासायचा ब्रश प्रत्येकाचा आपापला असावा, घरात कुणाला काही असो वा नसो. आणि घरात कुणाचाही खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर क्षयाची तपासणी करून घ्यायची. एचआयव्ही असलेल्यांना क्षय लवकर पकडतो, म्हणून जाऊबाईंनी हे जास्त पाळावं. ते त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलंच असणार.

एचआयव्हीचा विचार करायचाच तर तो जिथून येतो तिथला करा. तुमची तिसऱ्या महिन्यातली तपासणी झाली, तुमच्या नवऱ्यांची झाली आहे का? यात संशयाचा प्रश्न नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काळात लैंगिक संबंधांतून संसर्ग होण्याची शक्यता एरवीपेक्षा वाढलेली असते, आणि आईला त्या काळात नव्याने लागण झाली तर बाळालाही धोका जास्त असतो. म्हणून बाळाच्या वडिलांनीही एकदा तपासणी करून घ्यावी, हे प्रत्येक जोडप्याला सांगितलं पाहिजे आणि फार थोड्यांना सांगितलं जातं. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांनाच सुचवायला सांगा. हे वाचून रात्रभर नवऱ्याकडे बघत बसू नका म्हणजे झालं.

आता मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या हातांची.

दिवसभर हात धुणं, कातडी निघेपर्यंत. लपून टेस्ट. रात्री जागून लक्षणं शोधणं, घसा तपासणं, पुन्हा शोधणं. हे एका चक्रात अडकणं आहे. मनात शंका येते, जीव घाबरतो, तुम्ही हात धुता किंवा रिपोर्ट काढता, घटकाभर बरं वाटतं, आणि मन एवढंच शिकतं की धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी शंका आणखी जोरात येते. खाजवलं की खाज वाढते, तसंच हे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर असा त्रास सुरू होणं किंवा आधीचा बळावणं डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. दिवसातला तासाभराहून जास्त वेळ अशा विचारांत आणि धुण्या-तपासण्यात जात असेल, तर तो मंत्रचळ असू शकतो, ज्याला ओसीडी म्हणतात. निदान मी पत्रावरून करणार नाही. ते समोर बसून व्हायला हवं. पण दाखवा, इतकं ठामपणे म्हणते. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकांकडे पाठवतील. यावर बोलून करायचे उपचार असतात. त्यात भीती वाटली तरी धुवायचं नाही, तपासायचं नाही, हे हळूहळू शिकवतात. औषध लागलंच तर गरोदरपणात चालणारी औषधंही आहेत.

तोवर घरी एवढं करा. हात धुवायचे ते संडासाहून आल्यावर, खाण्याआधी, आणि खरंच मळले असतील तेव्हा. साबणाने वीस सेकंद, एकदाच. मध्ये ओढ लागली की लगेच नळाशी जायचं नाही, दहा मिनिटं थांबायचं. दुसऱ्या दिवशी पंधरा. घालमेल वाढते, फार वाढते, आणि मग काही न करताही उतरते. ती आपण होऊन उतरते हे एकदा अनुभवलंत की अर्धं काम झालं. बोटांना रोज मलम लावा, कारण सोललेली कातडी हीच तुमच्या अंगावरची या घडीची एकमेव खरी जखम आहे. मोबाइलवर लक्षणं शोधणं बंद. कमी नाही, बंद.

नवऱ्याला सांगायचं का? तुमच्या भीतीबद्दल सांगा, आजच सांगा. ‘मला बाळाच्या काळजीने झोप लागत नाही, मी सारखी हात धुते, मला डॉक्टरांकडे घेऊन चला,’ एवढ्यात जाऊबाईंचं नाव घ्यायची गरज नाही. त्यांचा आजार ही त्यांची खासगी गोष्ट आहे. तुम्हाला ती कपाट आवरताना कळली, म्हणून ती तुमची होत नाही. कदाचित घरात हे सगळ्यांना माहीत असेल आणि तुम्ही नवीन म्हणून तुम्हालाच सांगितलं नसेल. कदाचित फक्त दिरांना माहीत असेल. काहीही असो, ते फोडण्याचा हक्क तुमचा नाही. डॉक्टरांशी बोलताना मात्र मोकळेपणी ‘घरात एकजण बाधित आहेत’ म्हणा. नाव लागत नाही.

आणि कप. मला हे पटलं नाही, तेही सांगूनच टाकते. तुम्ही घाबरून केलंत, मुद्दाम अपमान करायला नाही, हे मी समजू शकते. पण ज्या बाईने इतकी वर्षं हा आजार लपवत काढली, तिला वेगळ्या कपाचा अर्थ दुसऱ्या कुणीही समजावून सांगावा लागत नाही. तो तिला पहिल्याच दिवशी कळला असणार. ज्या हातांनी तुमचं बोट धुतलं, त्या हातांना तुम्ही हे उत्तर दिलंत, आणि त्या काही बोलल्या नाहीत.

कप जागेवर ठेवा. त्याचा सोहळा करू नका. सगळ्यांच्या कपांत तो मिसळून टाका आणि उद्यापासून जो हाताला लागेल तो घ्या. त्यानंतर, तुमचं मन थोडं थाऱ्यावर आल्यावर, दोघीच असताना त्यांच्याशी बोला असं मी सुचवीन. गप्प राहणंही चालेल, पण तुम्हाला काहीतरी कळलंय हे त्यांना जाणवलं असेल, तर त्या कोण जाणे काय काय कल्पना करत असतील. फार शब्द लागत नाहीत. ‘वहिनी, कपाट आवरताना तुमची फाइल माझ्या हातात आली. मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मी घाबरले होते, आणि त्या भरात कप वेगळा ठेवला. चुकलं माझं.’ पुढे त्यांना बोलायचं असेल तर बोलू द्या, नसेल तर विषय तिथेच सोडा. कशामुळे झालं, कुणामुळे झालं, हे विचारू नका. मनात आलं तरी नाही.

राहिलं बाळ. त्यांनी त्याला घ्यावं, न्हाऊ घालावं, झोपवावं, त्याचे पापे घ्यावेत. यातून काही होत नाही. एकच गोष्ट कुणीही करू नये: अन्न स्वतःच्या तोंडात चावून मऊ करून बाळाच्या तोंडात घालणं. चावणाऱ्याला एचआयव्ही असेल आणि हिरड्यांतून रक्त येत असेल, तर अशा अन्नातून बाळांना संसर्ग झाल्याची मोजकी उदाहरणं नोंदलेली आहेत. दात किडवणारे जंतू तर कुणाच्याही तोंडातून जातात. म्हणून हे आजीने करू नये, तुम्ही करू नये, जाऊबाईंनीही करू नये. तसंच बाळाला दूध तुमचंच, दुसऱ्या कुणी बाईने अंगावर पाजायचं नाही. आणि ज्याला ताप, सर्दी किंवा खोकला असेल त्याने बरं वाटेपर्यंत तान्ह्याला घेऊ नये. हा नियम घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, जाऊबाईंना इतरांइतकाच.